कर्ज कोणाचे आणि ते फेडायचे कोणी?

(सिंदी मेघे येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या या गावापासून मगनवाडी काही दूर नाही. १९३४ च्या डिसेंबरात स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे ते केंद्र, आणि जे. सी. कुमारप्पा हे त्याचे चिटणीस. वर्ध्यात त्यांचे नाव आदराने घेतले जाते; परंतु त्यांचा विचार मात्र आपण घाणी आणि हातकागद यांच्यासह संग्रहालयात ठेवून दिला आहे. तो तेथून बाहेर काढावा, एवढ्याचसाठी मी आज उभा आहे.

कुमारप्पा मूळचे तंजावरचे. लंडनमध्ये शिकून ते हिशेब-तपासनीस झाले आणि मुंबईत त्यांनी तो व्यवसाय केला. पुढे अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थकारणाचा अभ्यास करताना, हिंदुस्थानचे दारिद्र्य आणि सरकारची करपद्धती यांचा संबंध त्यांना उमगला. १९२९ साली ते गांधीजींना भेटले आणि व्यापाऱ्यांच्या चोपड्या तपासणारा हा माणूस खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्याच्या दारिद्र्याची पाहणी करू लागला.

हिशेबनीसाची शिस्त त्यांनी सोडली नाही. मालक तेवढा बदलला. १९३१ साली काँग्रेसने इंग्लंड व हिंदुस्थान यांच्यातील आर्थिक देण्याघेण्याची चौकशी करण्यासाठी समिती नेमली, तीत कुमारप्पा होते. कंपनीच्या लढाया, १८५७ चा उठाव चिरडण्याचा खर्च, साम्राज्याच्या परदेशी मोहिमा हे सारे हिंदी रयतेच्या नावे मांडले गेले होते. कर्ज खरोखर कोणासाठी काढले, हे पाहिल्यावाचून ते फेडण्याचे बंधन कोणावर टाकता येत नाही, हा त्या चौकशीमागील न्याय होता.

मित्रहो, हाच प्रश्न आज विदर्भातील कापूस उत्पादकाच्या दारात उभा आहे. २००८, २०१७ आणि २०१९ या साली कर्जमाफ्या जाहीर झाल्या. त्या नकोत, असे कोणताही समाजवादी म्हणणार नाही. परंतु माफी अपराध्याला दिली जाते. शेतकऱ्याचा अपराध कोणता? बियाणे, खत, औषध यांची किंमत दुसरा ठरवतो, कापसाचा भावही दुसराच ठरवतो, आणि या दोहोंमधील तूट मात्र शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर चढते. गावातून कापूस जातो तो कच्चा माल म्हणून, परत येतो तो कापड म्हणून. मधली सारी मजुरी आणि नफा गावाबाहेर राहतो. कुमारप्पांनी अर्थव्यवस्थांची प्रतवारी करताना परोपजीवी आणि लुटारू अशा दोन पायऱ्या सर्वांत खाली ठेवल्या होत्या. आजच्या व्यवस्थेला कोणत्या पायरीवर बसवावे, हे आपणच ठरवावे.

ते केवळ चरख्याचे पुरस्कर्ते होते, हाही गैरसमज आहे. काँग्रेसच्या शेतीसुधारणा समितीचे ते अध्यक्ष होते. तिच्या १९४९ च्या अहवालाने मध्यस्थ हटवा, कसणाऱ्याला जमीन द्या आणि किफायतशीर धारणेच्या तिपटीवर मर्यादा घाला, असे सांगितले. महाराष्ट्रात कमाल जमीनधारणेचा कायदा १९६१ साली झाला. तरीही भूमिहीन मजुराचा प्रश्न सुटलेला नाही, हे येथे बसलेल्यांना मी सांगायला नको.

त्यांच्याशी आमचे सर्वस्वी एकमत आहे असे नव्हे. १९५१ साली ते सदिच्छा मंडळातून चीनला गेले आणि तेथील जमीनसुधारणेने प्रभावित होऊन परतले. त्यांची तळमळ खरी होती. परंतु पुढे १९५९ ते १९६१ च्या भीषण दुष्काळाने दाखवून दिले की, जेथे शेतकऱ्याला सत्य बोलण्याची मुभा नाही तेथे जमीन वाटूनही त्याची भूक टळत नाही. समता आणि लोकशाही यांची फारकत करता येत नाही, हा धडा आपण विसरता कामा नये.

३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीच्या दिवशी, कुमारप्पा निवर्तले. त्यांना हार घालणे सोपे आहे. मी आपणांस वेगळे काम सुचवितो. प्रत्येक गावातील तरुणांनी एक वही घ्यावी. वर्षभरात गावातून काय गेले, कोणत्या भावाने गेले, आत काय आले आणि सावकार व बँक यांचे देणे किती झाले, हे त्यात लिहावे. मजुरांची खाती वेगळी लिहावीत, कारण शेतकऱ्याच्या हिशेबात ती बहुधा हरवतात. ती वही घेऊन आपण तहसील कचेरीवर जाऊ. तेव्हा आपण माफी मागणार नाही; आपले येणे मागू.