एका कार्बनचा फरक

आज औषधांच्या पेटंटमधला एकच प्रश्न घेऊया. जुन्या रेणूशी जवळपास जुळणारा नवा रेणू कुणी बनवला, तर तो शोध म्हणायचा, की 'हे कुणालाही सुचलं असतं' म्हणून पेटंट उडवायचं? स्वस्त जेनेरिक गोळी आत्ता मिळणार की काही वर्षांनी, हे त्यावर ठरतं.

पायोग्लिटाझोन घ्या. मधुमेहाची गोळी, तुमच्या घरीही कुणी घेत असेल. औषध जपानच्या ताकेडा कंपनीचं. अमेरिकेत अल्फाफार्म नावाची कंपनी म्हणाली, आम्ही जेनेरिक काढणार, कारण हे पेटंट टिकूच शकत नाही. ताकेडाच्याच जुन्या पेटंटमध्ये 'कंपाउंड बी' होतं. दोन्ही रेणूंत सहा कोपऱ्यांचं एक कडं असतं. बीमध्ये त्याच्या सहाव्या कोपऱ्यावर मिथिल, म्हणजे एक कार्बन. पायोग्लिटाझोनमध्ये पाचव्या कोपऱ्यावर इथिल, म्हणजे दोन. बास, एवढंच! एक कार्बन वाढवा, एक घर सरका. केमिस्ट हे रोजच करून बघतात.

त्यात दोनच महिने आधी अमेरिकी सुप्रीम कोर्टानं (केस चक्क गाडीच्या अॅक्सिलरेटर पेडलची!) म्हटलं होतं की पर्याय मोजके आणि अंदाज येण्यासारखे असतील, तर ते करून बघणं हा शोध नाही.

तरी २८ जून २००७ रोजी अपील कोर्टात ताकेडाच जिंकली. कोर्टानं विचारलं, त्या काळी केमिस्टनं सुरुवात बीपासूनच का केली असती? १९८२ च्या एका शोधनिबंधात असे १०१ रेणू तपासले होते. त्यात बीमुळे वजन आणि शरीरातली तपकिरी चरबी बरीच वाढल्याची नोंद होती, आणि लेखकांनी चांगले म्हणून निवडलेले तीन रेणू वेगळेच होते. मग बीच्या मागे कोण लागणार? आणि लागलंच, तरी या बदलानं विषारीपणा कमी होईल असं आधी सांगता येत नव्हतं.

मला हा प्रश्न पटतो. उत्तर माहीत असताना मागे वळून बघितलं की प्रत्येक वाट सरळच दिसते. पण एक गोष्ट खटकते. त्या जुन्या पेटंटच्या सूत्रात कोट्यवधी रेणू बसत होते. आधी एवढ्या मोठ्या गर्दीवर हक्क सांगायचा, आणि नंतर त्याच कुळातल्या एकासाठी म्हणायचं, 'या गर्दीतून हा कुणाला सुचला असता?' दोन्हीकडून फायदा कंपनीचाच ना!

आपल्याकडेही असंच भांडण झालं, कॅन्सरवरच्या एर्लोटिनिबचं. रोश विरुद्ध आपली मुंबईची सिप्ला, दिल्ली हायकोर्टात. सिप्लाचं म्हणणं, जुन्या रेणूत मिथिलच्या जागी इथिनिल लावलंय, यात शोध कसला? एका गोळीची किंमत रोशची ४८०० रुपये, सिप्लाची १६००. २००८ मध्ये कोर्टानं सिप्लाला थांबवलं नाही, आणि त्यात किमतीतल्या या फरकाचाही विचार झाला. नोव्हेंबर २०१५ मध्ये खंडपीठानं मात्र पेटंट वैध आणि सिप्लानं त्याचा भंग केला, असं ठरवलं. पेटंट मार्च २०१६ मध्ये संपणारच होतं, म्हणून विक्री थांबवली नाही. सिप्लाला फक्त नफ्याचा हिशेब द्यायला सांगितलं. तोवर स्वस्त गोळी बाजारात येऊन सात वर्षं उलटली होती.