१४२८५७ : एका संख्येची कुळकथा



आज आम्ही आपणापुढे एकच संख्या ठेवणार आहोत. एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न, १४२८५७. मारेगावच्या बाजारात कापसाच्या हिशेबात हा आकडा आला, तर कोणी त्याकडे दुसऱ्यांदा पाहणार नाही.

पण त्याची दुप्पट करा : २८५७१४. तिप्पट ४२८५७१, चौपट ५७१४२८, पाचपट ७१४२८५, सहापट ८५७१४२. तेच सहा अंक, त्याच क्रमाने, रहाटगाडग्याच्या पोहऱ्यांसारखे फिरत राहतात. सातपट केली की मात्र ९९९९९९!

असे काही दिसले की कोणीतरी सात वार आणि सप्तर्षी यांचा संबंध जोडू लागतो. आम्हांला त्याची गरज वाटत नाही. कारण साध्या भागाकारात आहे. १ ला ७ ने भागत चला. बाकी राहते ३, मग २, ६, ४, ५ आणि पुन्हा १. भागाकारात उतरतात १, ४, २, ८, ५, ७. सातने भागताना शून्य सोडून सहाच बाक्या संभवतात, आणि येथे सहाही हजेरी लावतात. आता २ ला ७ ने भागावयाचे, तर चक्रात २ ही बाकी जेथे येते तेथून सुरुवात करावयाची, एवढेच.

तेराला हे साधत नाही. तेथे बारा बाक्या संभवतात, पण १ पासून निघाल्यास सहाच भेटतात. सतराला साधते, पण त्याचे सोळा अंकी चक्र शून्याने सुरू होते. आपल्या दशमान पद्धतीत आरंभी शून्य नसलेली अशी संख्या ही एकच. आपण आठाच्या पटीत मोजत असतो, तर एक सप्तमांश नुसता ०.१११... असा लिहिला गेला असता आणि हे रहाटगाडगे दिसलेच नसते.

तिचा वर्ग २०४०८१२२४४९. तो तोडून २०४०८ आणि १२२४४९ यांची बेरीज करा, पुन्हा १४२८५७! अशा संख्यांना जगभर ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ मध्ये डहाणूस झाला. १९३० ते १९६२ ते देवळालीस शाळेत शिक्षक होते. त्यांच्या या उद्योगाला आपल्याकडील पुष्कळ विद्वान पोरखेळ समजत. १९७५ मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले, तेव्हा त्यांची कीर्ती दूरवर पोहोचली. पदवीवरून माणसाचे गणित जोखण्याची ही खोड, आमच्या मते, आपणांस महागात पडली आहे.

आणि हा पोरखेळ तरी कसा म्हणावा? सर्व बाक्या भेटविणारे भाजक शंभराच्या आत नऊ आहेत : ७, १७, १९, २३, २९, ४७, ५९, ६१, ९७. पुढेही ते सापडतच राहतात. ही यादी कधी संपत नाही, असे १९२७ मध्ये एमिल आर्टिन यांनी मांडलेल्या अनुमानावरून निघते. पण ते आजवर कोणाला सिद्ध करता आलेले नाही. घरी गेल्यावर मुलांकडून १ ला १९ ने भागवून घ्या. अठरा अंक निघतील. पाटी मात्र मोठी घ्यावी लागेल.