आकाशाचे दरवाजे केव्हा उघडावेत?



रायगडाचे दरवाजे सूर्यास्ताला बंद होत आणि सूर्योदयाला उघडत, हे हिरकणीच्या कथेमुळे महाराष्ट्रातील घराघरांत ठाऊक आहे. दरवाजा वेळेवर लावणे हे जसे पहारेकऱ्याचे कर्तव्य, तसेच तो योग्य वेळी उघडणे हेही त्याचेच कर्तव्य. राष्ट्राच्या आकाशालाही हाच नियम लागू पडतो.

७ मे २०२५ रोजी ‘ऑपरेशन सिंदूर’ झाले. त्यानंतर श्रीनगर-लेहपासून भुजपर्यंतचे ३२ विमानतळ नागरी उड्डाणांसाठी बंद करण्यात आले. दिल्ली व मुंबई या हवाई क्षेत्रांतील २५ मार्गखंडही बंद झाले. वैमानिकांसाठी काढल्या जाणाऱ्या अशा सूचनेला ‘नोटाम’ म्हणतात. तिच्यात आरंभ आणि समाप्ती यांची वेळ मिनिटापर्यंत नोंदलेली असते. या बंदीची मुदत १५ मेच्या पहाटे ५ वाजून २९ मिनिटांपर्यंत होती.

आकाशात प्रवासी विमान नसले, की शत्रूचे यान ओळखणे सुकर होते आणि हवाई संरक्षण दलाचे हात मोकळे राहतात. ९ मेच्या अधिकृत पत्रकार परिषदेत विंग कमांडर व्योमिका सिंह यांनी एक गंभीर गोष्ट देशासमोर मांडली. ड्रोन व क्षेपणास्त्रांचे हल्ले करीत असतानाही पाकिस्तानने आपले आकाश नागरी विमानांसाठी खुलेच ठेवले होते; त्या विमानांची ढाल केली जात होती. भारतीय वायुसेनेने त्या प्रवाशांच्या जिवासाठी संयम राखला. निरपराधांना झळ पोहोचू न देणे हा आपल्या युद्धधर्माचा भागच आहे.

या कर्तव्यात कसूर झाली तर काय घडते, हे जगाने पाहिले आहे. १७ जुलै २०१४ रोजी पूर्व युक्रेनचे आकाश केवळ ३२,००० फुटांखाली बंद होते. ३३,००० फुटांवरून जाणारे मलेशियाचे प्रवासी विमान क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि २९८ जीव गेले. ८ जानेवारी २०२० रोजी इराणने इराकमधील लष्करी तळांवर क्षेपणास्त्रे सोडली, परंतु तेहरानचे आकाश खुले ठेवले. काही तासांतच युक्रेनचे विमान इराणच्याच क्षेपणास्त्रांना बळी पडले. १७६ जण मृत्युमुखी पडले.

मात्र, दरवाजा कारणाविना बंद ठेवण्याचीही किंमत असते. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी, बालाकोटनंतर, दोन्ही देशांनी निर्बंध घातले. आपल्या हवाई मार्गांवरील तात्पुरते निर्बंध उठविल्याचे भारतीय वायुसेनेने ३१ मे रोजी जाहीर केले. पाकिस्तानने मात्र ११ मार्गांपैकी दोनच खुले केले. पूर्ण आकाश उघडण्यास १६ जुलै उजाडला. दिल्लीहून इस्तंबूलला जाणाऱ्या भारतीय विमानाला इंधनासाठी दोहाला थांबावे लागे. २ जुलैपर्यंत एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा तोटा झाल्याचे सरकारने राज्यसभेत सांगितले. पाकिस्तानचेही मोठे नुकसान झालेच.

म्हणून १२ मे २०२५ चा निर्णय अभ्यासण्याजोगा आहे. १० मे रोजी सायंकाळी पाच वाजल्यापासून लष्करी कारवाई थांबली. मुदत संपायला तीन दिवस असतानाच बत्तीसही विमानतळ खुले करण्यात आले. त्याच रात्री सीमेवर पुन्हा ड्रोन दिसल्याचे वृत्त आले, तेव्हा विमान कंपन्यांनी दुसऱ्या दिवशीची जम्मू, अमृतसर, श्रीनगर आदी ठिकाणची उड्डाणे रद्द केली. आकाश खुले झाले, पण पहारा उठला नव्हता. निर्बंध उठविणे याचा खरा अर्थ हाच आहे.

या व्यवस्थेत सामान्य नागरिकालाही स्थान आहे. त्याच दिवसांत देशभरातील विमानतळांवर प्रवेशबंदी झाल्याची अफवा पसरली आणि सरकारला तिचे खंडन करावे लागले. अशा वेळी आलेला संदेश पडताळल्याविना पुढे न पाठविणे, रद्द झालेल्या तिकिटाचा राग खिडकीवरील कर्मचाऱ्यावर न काढणे आणि अडकलेल्या सहप्रवाशाला आपल्या घरी आसरा देणे, ही गणवेशाविना केलेली राष्ट्रसेवाच होय. सीमेवरील जवान आणि नियंत्रण कक्षातील अधिकारी आपापला पहारा करतात. गावातला पहारा समाजाने करावयाचा असतो. समाज असा जागा असला, तर बंद केलेला दरवाजा निर्भयपणे उघडण्याचे बळ शासनाला मिळते.