बाहुला तीस रुपयांचा, जीव तलवारीत

गेल्या वेळी आपण शेळ्यांच्या विम्यावर बोललो. आजचा विषय ऐकून काही जणी हसतील, हसू द्या. आज मी बाहुल्यांबद्दल बोलणार आहे. आपण लहानपणी चिंध्यांच्या करायचो त्या बाहुल्या वेगळ्या. हे बाहुले आठवडी बाजारात, जत्रेत, पाकिटात घालून दोरीला टांगलेले असतात. छाती पुढे काढलेली, हातात तलवार, पाठीवर झगा, कोणाला वाघाचं तोंड तर कोणाला वटवाघळाचे पंख. पोरं त्यांना हिरो म्हणतात, दुकानदार फायटर म्हणतो, आणि कंपन्यांच्या भाषेत ती अ‍ॅक्शन फिगर.

माझी धाकटी सहावीत आहे. तिच्याकडे असे २१ जण आहेत. पत्र्याच्या जुन्या डब्यात राहतात आणि त्यांची एक वही आहे. गटाच्या बैठकीला माझ्या शेजारी बसून बसून तिला वहीचा नाद लागलाय. तारीख, कुठून घेतला, किंमत, सामान, शेरा, असे रकाने तिने पट्टीने आखलेत. पाहुण्यांनी हातावर ठेवलेल्या पैशांतूनच घ्यायचे आणि एकाला ५० रुपयांच्या वर द्यायचे नाहीत, हा तिचाच नियम. तीन वर्षांत ७४० रुपये झाले. एवढ्यात माणसं मोबाईलचं कव्हर बदलतात.

त्या वहीतला 'सामान' हा रकाना मला फार शहाणपणाचा वाटतो. तलवार, ढाल, पट्टा, शिरस्त्राण, झगा, जे जे सोबत आलं ते सगळं ती लिहून ठेवते. का ते सांगते. या धंद्यात बाहुला हे निमित्त असतं, खरी कमाई सामानावर असते. आणि ही गोष्ट आजची नाही.

१९५९ साली अमेरिकेत मॅटेल कंपनीने बार्बी नावाची बाहुली काढली. बाहुली ३ डॉलरला आणि तिचे कपडे वेगळे विकायला. बाहुली एकदा घेतली की झालं, पण कपडे घेत राहावे लागतात. शिलाई मशीन चालवणाऱ्या बहिणींनी पुढचं नीट ऐका. त्या पहिल्या बार्बीचे कपडे जपानमधल्या बायकांनी घरबसल्या शिवले होते. वीतभर बाहुलीच्या अंगचे ब्लाउज, त्यांना इवली बटणं, इवल्या चेन. मी स्वतः झबली-टोपडी शिवते, त्यामुळे मला ठाऊक आहे, कापड जितकं लहान तितकी मान जास्त मोडते. त्या बायकांची नावं कुठल्या खोक्यावर आली नाहीत.

पुढे १९६४ साली हॅसब्रो नावाच्या दुसऱ्या कंपनीने मुलांसाठी सैनिक काढला, जी.आय. जो. अंगावर कपडे, हातापायाला सांधे, सामान वेगळं विकायला, म्हणजे सगळं बाहुलीसारखंच. पण मुलगा बाहुलीशी खेळतो म्हटलं की बापाला लाज वाटणार. म्हणून कंपनीने बाहुली हा शब्दच टाळला आणि अ‍ॅक्शन फिगर असं नवं नाव काढलं. मला हे कळलं तेव्हा मी बराच वेळ हसत होते. आपल्याकडे पोराच्या हातात बाहुली दिसली की आजी हिसकावून घेते, आणि त्याच पोराला तलवारवाला बाहुला जत्रेतून हौसेने आणून देते.

आता ज्याला गावातले चाळिशी-पन्नाशीतले पुरुषही ओळखतील तो हीमॅन. आपल्या दूरदर्शनवर लागायचा. तो बाहुला मॅटेलनेच १९८२ साली काढला, साडेपाच इंचांचा. टीव्हीवरचं कार्टून त्यानंतर, १९८३ साली आलं. म्हणजे बाहुला आधी आणि गोष्ट मागून. आपल्याला वाटतं पोरगं गोष्ट बघतंय. ते दुकान बघत असतं.

त्या हीमॅनच्या कारखान्यातली काटकसर मात्र बघण्यासारखी होती. साचा बनवणं महाग, म्हणून एकाच साच्याचं धड, हात, पाय कितीतरी बाहुल्यांना लावले. डोकं बदललं, रंग बदलला, हातात दुसरं हत्यार दिलं की नवा गडी तयार. फेकर नावाचा एक आहे. तो म्हणजे हीमॅनच निळा रंगवलेला, आणि त्याच्या शत्रूचं, स्केलेटरचं, चिलखत नारिंगी करून याच्या छातीवर चढवलेलं. हीमॅनचा हिरवा वाघसुद्धा कंपनीच्या जुन्या, मोठ्या बाहुल्यांसोबतच्या वाघाच्या साच्यातून काढलेला. म्हणून तो हीमॅनच्या मानाने एवढा दांडगा दिसतो, आणि त्याच्यावर खोगीर टाकून हीमॅनला बसवता आलं. आपण एकाच कटिंगचे दहा ब्लाउज काढतो आणि गळ्याला वेगवेगळी लेस लावून वेगळे म्हणून विकतो, त्यातलाच प्रकार.

आणि तलवारीची गंमत ऐका. हीमॅनसोबत जी तलवार यायची ती अर्धी होती. उरलेली अर्धी स्केलेटरसोबत. दोन्ही जुळवल्या की एक पूर्ण तलवार. म्हणजे चांगला घेतला की वाईटही घ्यावाच लागणार! ज्याने हे डोकं चालवलं त्याला आपल्या गटाच्या मसाल्याच्या विक्रीला आणायला हवं होतं.

म्हणून मी म्हणते, बाहुल्यापेक्षा सामान जपा. जुने बाहुले जमवणारी मोठी माणसंही जगभर आहेत, आणि ती घेताना पहिलं हेच विचारतात की सामान पूर्ण आहे का. बिनतलवारीच्या बाहुल्याला भाव कमी. गोव्यात कारखाना असलेल्या फनस्कूल कंपनीने भारतात जी.आय. जोचे बाहुले बनवले होते. त्यांतल्या काहींचे रंग अमेरिकेतल्या बाहुल्यांपेक्षा निराळे निघाले. आज परदेशातले हौशी लोक तेच शोधत असतात. कुणाच्या माळ्यावर मुंबई-गोव्याच्या पाहुण्यांनी दिलेला असा डबा पडला असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी उघडून बघा. अर्थात बाजारातला तीस रुपयांचा हिरवा कोळी-माणूस उद्या सोन्याच्या भावाने जाईल, असं मी सांगत नाही. तो खेळायला घ्यायचा.

आता काळजीची गोष्ट, आणि इथे हसणं थांबवते. घरात तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर हे इवलं सामान त्याच्या हाताला लागता कामा नये. खेळण्यांच्या तपासणीत एक नळकांडं वापरतात, ३१.७ मिलिमीटर रुंदीचं, म्हणजे पाण्याच्या बाटलीच्या झाकणाहून किंचित मोठं. त्यात जो तुकडा पूर्ण मावतो तो लहान मुलाच्या घशात अडकू शकतो. तलवारीची मूठ, ढाल, बूट, सगळं त्यात मावतं. दिवा लागणारी तलवार असेल तर आत शर्टाच्या बटणाएवढा चपटा सेल असतो. तो गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिका आतून भाजते. शौचावाटे पडेल म्हणून वाट बघायची नाही, केळं भरवत बसायचं नाही, सरळ एक्स-रे असलेला दवाखाना गाठायचा. सेलच्या झाकणाला स्क्रू नसेल तर ते खेळणं मी घरात आणू देत नाही.

दुसरं रंगाचं. स्वस्त रंगात शिसं असू शकतं आणि मुलाच्या मेंदूला ते थोडंही चांगलं नाही. शिसं डोळ्यांनी दिसत नाही, नाकाला कळत नाही. ओलं पांढरं फडकं घासून रंग सुटतो का, एवढंच आपण घरी बघू शकतो. सुटला तर तो बाहुला नको. न सुटला म्हणजे शिसं नाही, असं मात्र समजू नका. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय शिक्का सक्तीचा आहे. आमच्या बाजारातल्या टांगलेल्या पाकिटांवर तो मला क्वचितच दिसला. दुकानदाराला विचारत राहा. एकीने विचारलं तर तो हसतो, दहा जणींनी विचारलं तर पुढच्या खेपेला शिक्क्याचा माल आणतो. आमच्याकडे एकाने आणलाय, दहा रुपये महाग पडतो, पण आता धाकटी त्याच्याकडूनच घेते. ज्यांचा रंग सुटत होता असे तिचे जुने दोन आम्ही डब्यातून काढले. वहीत शेरा आहे, 'सेवानिवृत्त'.

झगे, पट्टे, भाते हे सामान घरीही होतं. खणाच्या कापडाची बोटभर पट्टी, वर एक प्रेसबटण, की राजाचा झगा तयार. साड्यांच्या काठाचा पट्टा. दिवाळीत किल्ल्यावर मावळ्यांच्या शेजारी आमचा वाघतोंड्या खणाचा झगा घालून पहाऱ्याला उभा असतो, आणि कोणा शिवभक्त पाहुण्याने अजून तरी तक्रार केलेली नाही. गटाने असं काही विकायला काढायचं मनात असेल तर आधी जिल्हा उद्योग केंद्रात विचारा. हस्तकला आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना त्या शिक्क्यातून सूट आहे.

आणखी एक बोलायचंय, ते जरा घरातलं आहे. पाहुण्यांचा मुलगा येतो, डब्यातला एक बाहुला उचलतो, रडतो. आपण काय म्हणतो? "दे गं त्याला, तुला काय करायच्यात तलवारी, मुलीच्या जातीला." मुलगी गप्प बसते. मैत्रिणींनो, आपल्यातल्या किती जणींचं नाव सातबाऱ्यावर आहे, ते आपण मागच्या महिन्यात हात वर करून मोजलं होतं. हात किती वर आले ते मी रेडिओवर सांगत नाही. ज्या पोरीच्या डब्यातला तीस रुपयांचा बाहुला तिला न विचारता दिला जातो, तिने मोठेपणी वाटणीच्या कागदावर सही करताना "मला विचारलं का?" असं म्हणावं, ही अपेक्षा कुठून करायची? आमच्या घरी आता ठरलंय. पाहुणा मुलगा खेळेल, सोबत नेणार नाही. द्यायचा असेल तर धाकटी देईल आणि वहीत लिहील. माझ्या सासूबाई सुरुवातीला कुरकुरल्या. परवा त्यांनीच एका भाच्याला सांगितलं, "तिला विचार बाबा, तिची दौलत आहे."

शेवटी दुरुस्तीचं, कारण बऱ्याच जणींनी विचारलं होतं की कमरेतून तुटला की टाकायचाच का. पावणेचार इंचांचे जुने जी.आय. जो आणि त्यांच्या नकला यांच्या पोटात एक रबरी रिंग असते, पाय तिच्यावर पेललेले असतात. रबर वाळलं की पाय गळून पडतात. बाहुला मेलेला नसतो. पाठीवर एकच स्क्रू असतो, तो बारीक पेचकसाने काढा आणि उघडताना कुठला भाग कसा बसला होता ते बघून ठेवा. तुटकी रिंग घेऊन मोटार-पंप दुरुस्तीच्या दुकानात जा. तिला ओ-रिंग म्हणतात, त्यांच्याकडे बारीक मापाच्याही मिळतात. जुनीला जुळणारी घ्या, आकड्यात अडकवा, पाठ बसवा आणि स्क्रू हलक्या हाताने फिरवा. फार आवळला तर प्लास्टिकला चीर जाते.