परतलेल्या मुलाचे कर्ज

(देऊळगाव राजा येथे कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



सभेपूर्वी एक शेतकरी गृहस्थ मला बाजूला घेऊन गेले. शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे बियाणे पिकवणारे. या तालुक्यात असे पुष्कळ आहेत. त्यांचा मुलगा परदेशात उच्च शिक्षण घेऊन, तेथे वर्षभर नोकरी शोधून, गेल्या दिवाळीत परत आला. राहते घर बँकेकडे गहाण, हप्ते तीन महिन्यांवर थकलेले आणि आता नोटीस. ते म्हणाले, "पोरगं घराबाहेर निघत नाही भाऊ. लोक विचारतात, वापस कशाला आला?" नोटिशीपेक्षा हा प्रश्नच त्यांना अधिक जाचत होता. म्हणून ठरलेला विषय बाजूला ठेवून मी आज यावरच बोलणार आहे.

शिक्षणाचे ऋण घेऊन परदेशी गेलेला आणि परतल्यावर त्या ऋणाचा तगादा सोसलेला एक विद्यार्थी आपणा सर्वांना ठाऊक आहे. 1913 साली भीमराव आंबेडकरांनी बडोदे संस्थानाशी करार केला. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे; मोबदल्यात परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी. 1917 मध्ये मुदत संपली, तेव्हा लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून ते परतले आणि कराराप्रमाणे बडोद्याला रुजूही झाले. कचेरीत शिपाई त्यांच्याकडे कागद लांबूनच टाकत. शहरात राहायला जागा मिळेना. नाव बदलून पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तर अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने तेथूनही हाकलले. महाराजांनी दिवाणांकडे पाठवले, दिवाणांनी असमर्थता दाखवली. पाच तास एका बागेत बसून काढल्यावर हा विद्वान रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला. पुढे संस्थानाने करारभंगाबद्दल पैसे परत मागितले. रक्कम होती वीस हजार रुपयांच्या आसपास.

करार मोडला कोणी? नोकरी करण्यास विद्यार्थी हजर झाला होता. त्याला डोक्यावर छप्पर देण्याचे सामर्थ्य राज्यात नव्हते; परंतु वहीत बाकी मात्र त्याच्या नावावर निघाली. चोखोबांचे जन्मगाव मानले जाणारे मेहुणा राजा याच तालुक्यात आहे, आणि बाबासाहेबांनी 1948 चा आपला अस्पृश्यांविषयीचा ग्रंथ ज्या तीन संतांना अर्पण केला त्यांत चोखोबा आहेत. ही कथा येथे अधिक खुलासा करून सांगण्याची गरज नाही.

आजच्या मुलाच्या वाट्याला जातीचा तो दाह नेहमीच येतो असे मी म्हणत नाही. दोन्ही दुःखे एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. पण हिशेबाची पद्धत तीच आहे. किंबहुना एका बाबतीत ती अधिक कठोर झाली आहे. सयाजीरावांनी पैसा दिला तेव्हा घर लिहून घेतले नव्हते. आज अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या जागा वर्षाला 75. इतर बहुतेकांनी बँकेत जावे, आणि रक्कम साडेसात लाखांच्या वर गेली की सामान्यतः बापाने घर तारण द्यावे.

गणित करून पाहा. 20 लाखांचे कर्ज, व्याज 11 टक्के, दोन वर्षे शिक्षणाची आणि एक वर्ष सवलतीचे. या तीन वर्षांत सरळ व्याजच 6 लाख 60 हजारांपर्यंत जाते. मुदत 15 वर्षांची धरली तरी महिन्याचा हप्ता 30 हजारांच्या वर. परदेशातील पगारावर हा हप्ता फिटेल या भरवशावर कर्ज मंजूर होते. तेथे व्हिसाचे नियम बदलले, नोकरी मिळाली नाही, तर त्या निर्णयाशी बुलढाणा जिल्ह्यातील बापाचा संबंध काय? तरीही जोखीम सगळी त्याच्याच माथी.

कर्ज बुडवा, असे मी सांगणार नाही. बँकेतला पैसा जनतेचा आहे हे आपणच सांगत आलो. मात्र तो सर्वांसाठीच जनतेचा असला पाहिजे. 2014-15 पासूनच्या दहा वर्षांत बँकांनी 16 लाख कोटींहून अधिक कर्जे निर्लेखित केल्याचे सरकारने संसदेत सांगितले. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, वसुली चालूच राहते, हे उत्तर मला ठाऊक आहे आणि तांत्रिकदृष्ट्या ते खरेही आहे. पण निर्लेखित कर्जाचा उद्योगपती घराबाहेर निघायला लाजतो असे कोणी पाहिले आहे काय?

आता कामाचे बोलू. बाप सहकर्जदार वा जामीनदार असेल तर कायद्याने त्याची जबाबदारी मुलाइतकीच. मुलगा गप्प बसला म्हणून ती टळत नाही. 2002 च्या सरफेसी कायद्याखाली न्यायालयात न जाता बँक गहाण घराचा ताबा घेऊ शकते, परंतु आधी साठ दिवसांची नोटीस द्यावी लागते. त्या मुदतीत लेखी हरकत घेतली, तर पंधरा दिवसांत सकारण उत्तर देणे बँकेवर बंधनकारक आहे. शेतजमिनीला हा कायदा लागू नाही. "शेत जप्त करू" अशी धमकी त्याच्या नावाने कोणी दिली तर ती लेखी मागा. वसुली एजंटाने सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर फोन करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. मुलाचे आजचे उत्पन्न दाखवून मुदतवाढ व हप्त्यांची फेररचना मागता येते. ती देणे बँकेच्या मर्जीवर आहे, हे खरे. म्हणूनच बापाला एकट्याने पाठवू नका.

आणि शासनाकडे आपली मागणी असावी ती अशी: परतलेल्या विद्यार्थ्याचा हप्ता त्याच्या येथील कमाईशी बांधा आणि कमाई नाही तोवर राहत्या घराला हात लावू नका.

त्या गृहस्थांची नोटीस माझ्या खिशात आहे. साठांपैकी एकोणीस दिवस गेले आहेत. उद्या सकाळी तुमच्यापैकी दोघांनी हरकतीचा अर्ज घेऊन त्यांच्याबरोबर शाखेत जायचे आहे. जाताना त्यांच्या घरावरून जा, आणि त्या मुलालाही बरोबर घ्या.