रविवारी संध्याकाळी मेस बंद असते



जुलै महिन्यात पुण्यातल्या वाकडेवाडीच्या किंवा स्वारगेटच्या एस.टी. स्थानकावर थोडा वेळ उभं राहून पाहा. लातूर, बीड, जळगाव, नंदुरबार, सोलापूरकडून आलेल्या गाड्यांतून मुलंमुली उतरत असतात. पाठीला सॅक, हातात गादीची वळकटी, पिशवीत शेंगदाण्याची चटणी आणि लाडवांचा डबा. एक फाईल मात्र छातीशी धरलेली असते. तिच्यात जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि बारावीची किंवा पदवीची गुणपत्रिका. बरोबर बहुतेकदा वडील असतात, कधी मामा. कुठे जायचं हे त्यांना मुलापेक्षाही कमी माहीत असतं, तरी रिक्षावाल्याशी बोलायला तेच पुढे होतात.

या मुलांच्या विद्यापीठातल्या दिवसांबद्दल मी आज बोलणार आहे. मी स्वतः अशीच वसतिगृहात राहून शिकले आणि पुढे आयुष्यभर अशाच मुलांना शिकवलं. एक गोष्ट मला आता पक्की वाटते. विद्यार्थी नापास झाला की आपण त्याच्या अभ्यासाची चौकशी करतो. पण त्याची घसरण बहुतेक वेळा परीक्षेच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते. ती राहण्याच्या जागेपासून सुरू होते, जेवणापासून होते, हातात न आलेल्या शिष्यवृत्तीपासून आणि वर्गात न समजलेल्या भाषेपासून होते. या सगळ्याला आपण शिक्षणाच्या बाहेरच्या अडचणी समजतो. मला ते मान्य नाही. हे सगळं शिक्षणच आहे.

पहिला आठवडा आनंदात जातो. प्रवेश मिळालेला असतो, गावात कुणीतरी पेढे वाटलेले असतात, आणि दगडी इमारती, मोठी झाडं, रुंद रस्ते पाहून आपण इथले झालो ही भावना मनात मावत नाही. मग वसतिगृहाची यादी लागते. जागा थोड्या आणि अर्ज पुष्कळ. तास सुरू होऊन कितीतरी दिवस होतात तरी अनेकांना आपण रात्री कुठे झोपणार हे ठाऊक नसतं. ज्याला खोली मिळते तो गावाकडच्या एखाद्याला आपल्याकडे ठेवून घेतो. अशा बिनयादीच्या मुलाला वसतिगृहात पॅरासाइट म्हणतात. दोघांच्या खोलीत तिघं, कधी चौघं राहतात. रेक्टर फेरीवर आले की तिसऱ्याने मागच्या जिन्याने बाहेर पडायचं, गादी कॉटखाली सरकवायची. असं वर्ष काढलेली मुलं पुढे मोठमोठ्या पदांवर गेली आहेत हे मला माहीत आहे, तरी त्या वर्षाचं कौतुक मला करवत नाही. रात्री केव्हाही उठवलं जाईल या धास्तीत कुणी समीकरणं सोडवू नयेत.

उरलेले शहरात कॉट बेसिसवर राहतात. एका खोलीत पाच-सहा कॉट, एक बाथरूम, आणि अनामत रक्कम आधी. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर त्यांच्यासाठी राज्य सरकारची स्वाधार योजना आहे. पुण्या-मुंबईसारख्या शहरात वर्षाला साठ हजार रुपये जेवण, निवास आणि निर्वाहासाठी मिळतात. योजना चांगली आहे आणि तिने अनेकांना तारलं आहे. पण घरमालकाची तारीख दर महिन्याला येते, अनुदान तसं येत नाही. मधल्या काळात मुलगा कुणाकडून तरी उसने घेतो, आणि उसने पैसे घेतलेला विद्यार्थी वर्गात मागच्या बाकावर बसू लागतो. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

आता जेवणाबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही. मेसचे पैसे महिन्याचे आगाऊ. गावी गेलात तर खाडा धरतात, पण तो सलग काही दिवस जेवला नसाल तरच. म्हणून कित्येक मुलं दोघांत एक डबा लावतात. तीन पोळ्यांचा डबा, दोघं जेवणार, वर पोहे किंवा वडापाव. आणि रविवारी दुपारी फीस्ट असते. पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, एखादं गोड. त्या दिवशी मुलं भरपूर जेवतात, कारण रविवारी संध्याकाळी मेस बंद असते.

ती रविवारची संध्याकाळ वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ज्यांची घरं जवळ आहेत ते गेलेले असतात. ज्यांच्याकडे पैसे आहेत ते बाहेर जेवायला जातात. उरलेले खोलीत चिवडा खातात, किंवा झोपतात. घरून फोन येतो आणि मुलगा सांगतो, हो, जेवलो. माझ्या ओळखीची जितकी मुलं शिक्षण सोडून परत गेली, त्यांच्यातल्या बहुतेकांनी तो निर्णय रविवारी रात्री घेतला आणि सोमवारी पहाटेची गाडी पकडली. भूक, एकटेपणा आणि दुसऱ्या दिवशीचा न समजणारा तास हे तिन्ही त्या वेळी एकत्र येतात.

महाराष्ट्राला ही गोष्ट कधीच कळली नव्हती असं नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि पुढे जैन, मुस्लिम, लिंगायत अशा अनेक समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी राहिली. खेड्यातला मुलगा शाळेत यायचा असेल तर त्याच्या डोक्यावर छप्पर आणि पानात भाकरी हवी, हे त्या राजाला दिसलं होतं. त्याच कोल्हापुरात बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातिधर्मांच्या मुलांना एका पंगतीत बसवणारं वसतिगृह सुरू केलं. मुलांच्या जेवणाला पैसे उरले नाहीत तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा दिलं. शिक्षणाचा इतिहास सांगताना आपण कायदे आणि आयोग सांगतो. माझ्या लेखी त्या मंगळसूत्राचं मोल त्या सगळ्यांइतकंच आहे.

भाऊरावांची कमवा आणि शिका ही कल्पना १९४७ साली सुरू झालेल्या साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात रुजली आणि आज पुण्यासह राज्यातल्या अनेक विद्यापीठांत चालते. मुलं ग्रंथालयात पुस्तकं लावतात, बागेत काम करतात, कार्यालयात कागद नीट करतात, आणि तासांप्रमाणे पैसे घेतात. पैसे थोडे असतात. पण स्वतः मिळवलेल्या पैशांतून मेसचं बिल भरलेल्या मुलीच्या चेहऱ्यावरचा ताठपणा मी पाहिला आहे. चांगले गुण मिळाल्यावरही तो मला क्वचित दिसला.

पैशापायी शिक्षण तुटणं म्हणजे काय हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातही दिसतं. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथून लंडनला गेले, आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावं लागलं. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने कर्ज दिलं, तेव्हा १९२० साली ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. एवढ्या बुद्धीचा विद्यार्थी तीन वर्षं थांबला तो पैशासाठी. आपल्याकडे आजही कितीजण असे थांबलेले आहेत, आणि त्यांच्या मागे ना महाराज आहेत ना भथेना.

भाषेचंही सांगितलं पाहिजे. आजवर मराठीतून विचार केलेला मुलगा एम.एस्सी.च्या किंवा अर्थशास्त्राच्या वर्गात बसतो आणि समोरचं व्याख्यान पूर्ण इंग्रजीत. त्याला विषय कळत नाही असं नसतं, वाक्य कळत नसतं. शंका विचारायची तर तीही इंग्रजीत जुळवावी लागते, आणि ती जुळेपर्यंत सर पुढच्या मुद्द्यावर गेलेले असतात. त्यात सत्र पद्धत. पहिल्या सत्राचा निकाल येतो तो दुसरं सत्र निम्मं सरल्यावर. दोन विषय राहिले हे कळतं तेव्हा पुढची अंतर्गत परीक्षा दारात असते.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. मराठवाड्यातली, घरात पहिलीच पदवीधर. पहिल्या सत्रात तिचे दोन विषय राहिले आणि ती वर्गात यायची बंद झाली. घरी तिने पास झाले असं सांगितलं होतं. ए.टी.के.टी. आहे, वर्ष वाया गेलेलं नाही, हे तिला कुणी नीट समजावून सांगितलंच नव्हतं. तिच्या खोलीतल्या मुलीने मला येऊन सांगितलं म्हणून आम्हाला कळलं. पुढचं काम माझं नव्हे, दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीचं. ती तिला रोज ग्रंथालयात घेऊन बसायची. आधी प्रकरण मराठीत बोलून घ्यायचं, मग इंग्रजी पुस्तक उघडायचं. त्या मुलीला पुढेही फार गुण मिळाले नाहीत. पण सहा-सात महिन्यांनी तिने वर्गात हात वर करून मला एक शंका विचारली, आणि ती शंका इतकी नेमकी होती की मला उत्तरासाठी दुसरा दिवस मागून घ्यावा लागला. शिक्षकाच्या आयुष्यात याहून मोठा आनंद मला माहीत नाही.

आनंद पुष्कळ आहेत, आणि तेही बहुतेक तासाबाहेर भेटतात. पावसाळ्यात पुरुषोत्तम करंडकाच्या तालमी सुरू होतात. महाराष्ट्रीय कलोपासक संस्था १९६३ पासून ही एकांकिका स्पर्धा घेते. भरत नाट्य मंदिरात ‘अरे, आवाज कुणाचा’ ही आरोळी उठते तेव्हा जो मुलगा वर्गात कधी बोलला नाही तोच सगळ्यात वरच्या पट्टीत ओरडत असतो. त्याने काम केलेलं असतं पडद्यामागे, खिळे ठोकायचं. राष्ट्रीय सेवा योजनेची हिवाळी शिबिरं घ्या. सात दिवस एका खेड्यात, सकाळी बंधाऱ्याचं श्रमदान, दुपारी व्याख्यान, रात्री गाणी. शहरातल्या मुलांना तिथे कुदळ धरायला शिकवतो तो खेड्यातला मुलगा. वर्षभर मागे राहिलेल्याला तेव्हा पहिल्यांदा पुढे उभं राहायला मिळतं, आणि शिबिराहून परतल्यावर तो वर्गातही पुढच्या बाकावर येतो.

आणि ग्रंथालय. पुणे विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय पहिल्या कुलगुरूंच्या, बॅरिस्टर मु. रा. जयकरांच्या नावाचं आहे. घरात पाठ्यपुस्तकापलीकडे पुस्तक नसलेल्या मुलाने असल्या ग्रंथालयात मांडण्यांच्या ओळींमधून पहिल्यांदा फिरावं, आपल्या विषयावर इतकं लिहिलं गेलंय हे पाहून आधी घाबरावं, आणि मग एक पुस्तक काढून जमिनीवरच बसकण मारावी. परीक्षेत नसलेलं प्रकरण केवळ हवंसं वाटलं म्हणून वाचलेला तो तास, तिथे मूल विद्यार्थी होतं.

आता माझं बोलणं ऐकणाऱ्या आईवडिलांना एक विनंती. फोनवर पेपर कसा गेला हे जरूर विचारा, पण मुलाच्या खोलीत कोण राहतं, तो कुणाबरोबर जेवतो, हेही विचारा. दोन नावंही सांगता आली नाहीत तर पुढच्या सुट्टीची वाट पाहू नका, जाऊन या. विषय राहिला तर घरी सांगता येईल एवढी मोकळीक त्याला द्या. आणि विद्यार्थीमित्रांनो, मन फार खचलं, झोप उडाली, नको नको ते विचार येऊ लागले, तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा क्रमांक आहे. दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. लिहून ठेवा: एक, चार, चार, एक, सहा.

विद्यापीठांनी आणि महाविद्यालयांनी वसतिगृहाच्या याद्या तास सुरू होण्याआधी लावाव्यात, पहिल्या सत्राचा निकाल दुसरं सत्र निम्मं होण्याआधी द्यावा. आणि पुणेकर श्रोतेहो, तुमच्या शेजारच्या इमारतीत, तुमच्या गल्लीच्या टोकाला कुठेतरी कॉट बेसिसवर राहणारी मुलं असतील. येत्या रविवारी संध्याकाळी त्यांच्यातल्या दोघांना घरी जेवायला बोलवा. वरणभात, भाजी आणि पोळी पुरे.