करुणेचा पाठ आणि रुग्णालयाची व्यवस्था

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



वैद्यकीय विद्यार्थ्यांना करुणा शिकवता येते काय, आणि तीही संगणकाच्या पडद्यावरून, हा आजचा प्रश्न आहे. २०१९ च्या एमबीबीएस तुकडीपासून वृत्ती, नीती व संवाद यांचे २७ पाठ आपल्या देशातील अभ्यासक्रमात आवश्यक ठरले. २०२० साली महासाथीमुळे महाविद्यालये बंद पडली आणि अनेक ठिकाणी हे पाठही ऑनलाइन द्यावे लागले.

या साधनाची कुचेष्टा करण्याचे कारण नाही. दुर्धर आजाराची वार्ता रुग्णाला कशी सांगावी, याचे चित्रण पुनःपुन्हा पाहता येते. आडबाजूच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही निष्णात अध्यापकाचे मार्गदर्शन लाभते. हा लाभ समतेच्या बाजूचाच आहे.

परंतु करुणा आटते कोठे, हे आधी पाहिले पाहिजे. अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या जेफर्सन वैद्यकीय महाविद्यालयात झालेले एक अध्ययन २००९ साली प्रसिद्ध झाले. पहिली दोन वर्षे विद्यार्थ्यांची सहसंवेदना टिकून राहते आणि तिसऱ्या वर्षी, म्हणजे ते प्रत्यक्ष रुग्णांत वावरू लागल्यावर, ती लक्षणीय घटते, असे त्यात आढळले. दुःखाच्या सान्निध्यात जे मन मृदू व्हावे, ते कठोर होते! याचा दोष केवळ पाठांच्या अपुरेपणावर टाकता येणार नाही.

आपल्याकडील परिस्थिती पाहा. निवासी डॉक्टरांचे काम सामान्यतः सलग १२ तासांहून व आठवड्यास ४८ तासांहून अधिक असू नये, असा केंद्र सरकारचा निर्देश १९९२ सालचा आहे. तरीही सार्वजनिक रुग्णालयांत सलग चोवीस, छत्तीस तास राबणारे तरुण डॉक्टर आजही आढळतात. एका खाटेवर दोन रुग्ण, बाहेर लांबच लांब रांग आणि डोळ्यांवर झोप, अशा अवस्थेत सौजन्याचे धडे कितीसे आठवणार? दुसरीकडे, लक्षावधी रुपये शुल्क भरून खासगी महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्यास रुग्ण हा गुंतवणूक वसूल करण्याचे साधन वाटू लागला, तर त्यात नवल ते काय? करुणेला वेळ लागतो, आणि वेळेचे वाटप व्यवस्था ठरवते.

याहून वेगळी वाट आपल्याच राज्यात आहे. १९६९ साली स्थापन झालेल्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत नवे विद्यार्थी प्रथम आश्रमात राहतात. पुढे प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि तेथे मुक्काम करून घरोघरचे आरोग्य समजून घेते. आजारामागचे दारिद्र्य तेथे डोळ्यांना दिसते.

म्हणून आपली भूमिका स्पष्ट असावी. ऑनलाइन पाठ पूरक म्हणून अवश्य द्यावेत. मात्र रुग्णाच्या खाटेशी मिळणाऱ्या शिक्षणाचे तास त्यांपायी कमी होऊ नयेत. सार्वजनिक रुग्णालयांतील रिक्त पदे भरावीत, कामाच्या तासांचे बंधन पाळले जावे आणि वैद्यकीय शिक्षण शासनाने आपल्या खर्चाने वाढवावे. आपापल्या तालुक्यातील रुग्णालयात मंजूर पदे किती व भरलेली किती, एवढी माहिती प्रत्येक शाखेने गोळा केली, तरी या लढ्याला आरंभ होईल.